डाव्या साखळीची पिन

१६ नोव्हेंबर, रविवार. ठिकाण : निमगाव केतकी, दादाचा जुना गोठा. हजर : महादेव (दादा), वहिनी, शब्बीरभाई आणि मी. गैरहजर : कोणी नाही.

बारामतीच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळते. काम सुरू करण्याआधी तारीख आणि हजेरी लिहायची सवय तिथली, आणि ती मी दादाच्या गोठ्यातही चालू ठेवली होती. दादा त्यावरून चिडवायचा. त्या रविवारीही म्हणालाच, "शैले, माझं नाव कशाला लिव्हतीस दर वेळी? माझ्याच गोठ्यात मी गैरहजर कसा आसंन?" मी म्हटलं, नियम म्हणजे नियम. आणि त्याचं नाव पहिलं लिहिलं... महादेव. तीच त्याची शेवटची हजेरी.

बुधवारी सकाळी मी आलेला माल तपासून घेत होते, तेव्हा वहिनीचा फोन आला. "वन्सं, चहा ठेवलाय, पण हे उठंनात." एवढंच दोनदा म्हणाली. मग शेजारच्यांनी फोन घेतला आणि पुढचं सांगितलं. झोपेतच गेला होता. मी हातातलं चलन सही करून बाजूला ठेवलं, साहेबांना सांगितलं, आणि कोणाकोणाला कळवायचं त्याची मनात यादी केली. पहिलं नाव शब्बीरभाईंचं होतं. ते सुप्याला राहतात. फोनवर त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मी येतो. रविवारच्याच जागी थांबा."

रविवारची जागा म्हणजे बारामती स्टँडवरचा चौकशीच्या खिडकीजवळचा खांब. शब्बीरभाईंना गाडीवरची पाटी वाचता येत नाही, म्हणून सुप्याच्या गाडीतून उतरले की त्यांनी तिथे उभं राहायचं आणि मी त्यांना इंदापूरच्या गाडीत बसवायचं, असं ठरलेलं होतं. दोन वर्षं आमचा हा क्रम चुकला नव्हता. त्या दिवशी कंडक्टरने आम्हाला ओळखलं आणि विचारलं, "काय चाचा, आज बुधवारीच?" शब्बीरभाई म्हणाले, "हां, आज बुधवारीच." मग निमगाव येईपर्यंत ते खिडकीकडे तोंड करून बसले. उतरताना फक्त एवढंच म्हणाले, "ताई, डावी बाजू राहिली."

डावी बाजू कशाची, ते आता सांगायला हवं. दादा आणि शब्बीरभाई तरुणपणी फौजेत एकाच रणगाड्यावर होते. दादा ड्रायव्हर, शब्बीरभाई गनर, म्हणजे तोफेचा नेम धरणारे. फौजेतून आल्यावर दादाने लोणी देवकरच्या एका कारखान्यात फिटर म्हणून नोकरी केली, शब्बीरभाईंनी सुप्यात सायकलचं दुकान टाकलं. ईदला दादा तिकडे आणि दिवाळीला शब्बीरभाई इकडे, हे मी लहानपणापासून पाहत आले. दोघं भेटले की राजस्थानच्या वाळूतला एक जुना वाद हटकून निघायचा. एकदा सरावात त्यांच्या रणगाड्याच्या चाकांवरची साखळी उतरली होती. चूक कोणाची, यावर तीस वर्षं निकाल लागला नाही. "तू म्हनलास डावीकडं घे." "मी तोफ डावीकडं म्हनलो व्हतो, म्हादू, गाडी न्हाय!" वहिनी आतून ओरडायची, "आता तुमी दोघं जाऊन ती वाळूच घेऊन या हितं."

दादा निवृत्त झाला त्याच वर्षी शब्बीरभाईंच्या डोळ्यांवर साखरेचा परिणाम झाला. डावा डोळा गेला. उजव्यात थोडा उजेड उरला, तोही कमी होत जाणार असं डॉक्टरांनी सांगितलं. दादा सुप्याहून ते ऐकून आला. मग त्याने म्हैस गेल्यापासून रिकामा पडलेला गोठा धुऊन काढला, वेल्डिंगचं मशीन आणलं, ग्राइंडर आणला आणि जाहीर केलं की आपण रणगाडा बांधणार. खऱ्याच्या चौथ्या हिश्शाएवढा, सगळा लोखंडी, आणि अंगणात चालणारा. वहिनी म्हणाली, "नातवंडं खेळायच्या वयात ह्यांनाच खेळणं पायजे." दादा चिडला नाही. म्हणाला, "शब्बीरच्या डोळ्यात उजेड हाय तवर ही गाडी अंगणात चालली पायजे. त्याला दिसली पायजे. मग उजेड गेला तरी हात हायेतच की."

मी विचारलं होतं, लाकडाचा का करत नाहीस, हलका होईल, लवकर होईल. तो म्हणाला, "लाकूड हाताला खोटं लागतं. सकाळी हात लावला की गार लागलं पायजे."

त्यानंतर दर रविवारी मी बारामतीतून सामान नेऊ लागले. पत्रा, पट्ट्या, नट-बोल्ट, वेल्डिंगचे रॉड, आणि शब्बीरभाई. मापं कुठून आणायची, हा प्रश्न होता. एका शहरातल्या चौकात शोभेला ठेवलेला जुना रणगाडा दादाला माहीत होता. तिथे जाऊन तो टेप लावून बसला. पोलिसाने हटकलं तर म्हणाला, "साहेब, माझीच गाडी हाय, बघाय आलोय." पोलीस हसून निघून गेला. दादाने बाहेरचं सगळं मापून आणलं, पण वरची झाकणं वेल्डिंग करून बंद केलेली असल्यामुळे आतलं काही दिसलं नाही. आतलं त्याने आठवणीतून केलं.

आणि तिथेच ती चूक झाली. वरचा फिरणारा भाग, ज्याला ते दोघं टरेट म्हणत, तयार झाला तेव्हा शब्बीरभाईंनी झाकणातून हात आत घातला. आतली गनरची बैठक, दुर्बिणीची नळी, हँडल, सगळं बोटांनी चाचपलं. मग हात तसाच आत ठेवून म्हणाले, "म्हादू... मी कुठं बसायचो?"

"उजव्या हाताला."

"कोणाच्या?"

"माझ्या. मी मागं वळून बघितलं की तू उजव्या हाताला दिसायचास."

शब्बीरभाई इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. "आरं, तू मागं वळून बघायचास म्हणून उजवीकडं! मी डावीकडं व्हतो. तुझ्याच मागं. तीस वर्षं झाली, अन् मला दुसऱ्याच्या जागी बसवलंस की."

दादा हसला नाही. तो पुढे तोंड करून बसणारा माणूस. त्याला टरेटची आठवण होती ती फक्त मान वळवून पाहिलेल्या शब्बीरच्या चेहऱ्याची, आणि ती त्याने जशीच्या तशी बांधली होती. मी म्हटलं, आत कोण बघणार आहे, राहू दे. शब्बीरभाईही म्हणाले, राहू दे, वेळ जाईल. दादाने दुसऱ्या दिवशी टरेटचं छत कापलं. बैठक काढली, नळी काढली, सगळं डावीकडे नेलं, तोफेच्या डाव्या बाजूला नळीसाठी नवं भोक पाडलं. त्यात पूर्ण उन्हाळा गेला. ग्राइंडरच्या ठिणग्यांनी त्याच्या बनियनला चाळणीसारखी भोकं पडली होती. वहिनी ती बनियनं फेकायला निघाली की तो म्हणायचा, "हवा खेळती हाय, राहू दे." पण अधूनमधून तो शब्बीरभाईंच्या डोळ्यांपुढे बोटं धरून विचारायचा, "किती?" आणि उत्तर चुकलं की त्या दिवशी जेवणही थोडं करायचा.

दिवाळीपर्यंत रणगाडा उभा राहिला. हिरवा रंग झाला, बॅटरी बसली, मोटर फिरली. राहिल्या फक्त दोन साखळ्या, ज्यांवर तो चालणार. एकेक कडी पट्टी कापून केलेली, दोन कड्यांमध्ये एकेक पिन. शेवटची पिन घातली की साखळी चाकांभोवती बंद होते. ती शेवटची पिन घालण्याची त्यांची फौजेतली रीत होती. गनरने दोन्ही टोकं धरायची आणि ड्रायव्हरने हातोडी मारायची, दुसऱ्या कोणी नाही. मग दोघांनी एकाच मगातून चहा प्यायचा.

१६ नोव्हेंबरला उजवी साखळी जोडली. शब्बीरभाई गुडघ्यांवर बसले, टोकं धरली. दादा मागच्या चाकापाशी वाकून काहीतरी करून आला, म्हणाला "धर", आणि तीन घावांत पिन आत. वहिनीने एकाच मगात चहा दिला. मी म्हटलं, डावीही आत्ताच करून टाका, माझ्या यादीतलं काम संपेल. दादा कपाळाचा घाम पुसत म्हणाला, "घाईनं करायचं काम न्हाय हे. गाडीची वेळ झाली तुमची. पुढच्या रविवारी जोडू, अन् लगेच अंगणात काढू."

शब्बीरभाई म्हणाले, "पुढच्या रविवारी मला दिसंल का पण?"

"दिसंल की," दादा म्हणाला. "तेवढा उजेड राखून ठेव."

तो पुढचा रविवार दादाच्या जाण्यानंतर आला. त्या बुधवारी मी दारातून पाहिलं, शब्बीरभाईंनी खांदा दिला होता, आणि वाट नीट दिसत नसल्यामुळे मोकळ्या हाताने पुढच्या माणसाचा शर्ट धरून ते चालत होते.

दिवस वगैरे सगळं उरकल्यावर एका रविवारी आम्ही पुन्हा गोठ्यात गेलो. सगळं दादाने ठेवलं तसंच होतं. खिळ्याला भोकांचं बनियन, डावी साखळी चाकांवरून जमिनीवर सोडलेली, आणि चहाच्या जुन्या डब्यात तेल लावून ठेवलेली पिन. मी तारीख लिहिली. हजर : वहिनी, शब्बीरभाई, मी. मग म्हटलं, चला, हे पूर्ण करू. शब्बीरभाई गुडघ्यांवर बसले, टोकं धरली. हातोडी मी घेतली. पण दोन टोकांमध्ये बोटभर अंतर राहत होतं. कितीही ओढलं तरी ती भेटेनात.

"दादा काय करायचा आधी?" मी विचारलं.

"मागच्या चाकापाशी कायतरी ढिलं करायचा," शब्बीरभाई म्हणाले. "काय ते मी कधी बघितलंच न्हाय, ताई. ते ड्रायव्हरचं काम. मी आपला टोकं धरून त्याच्या तोंडाकडं बघत बसायचो."

वहिनी म्हणाली, बारामतीहून कोणी मेकॅनिक आणू, घटकाभराचं काम असेल. मलाही ते पटलं, फोनसुद्धा काढला. शब्बीरभाई म्हणाले, "नको, वहिनी. हातानं सापडंल मला."

"पण तुमचा डोळा..." मी म्हटलं.

ते साखळीची टोकं हळूच खाली ठेवत म्हणाले, "त्या बुधवारी गाडीत तुमच्या ओढणीचा रंग कळत व्हता. आता कळंना झालाय. आता घाई न्हाय, ताई. घाई त्याला व्हती."

अजूनही आम्ही दर रविवारी जातो. वहिनी रोज सकाळी फडक्याने रणगाडा पुसते. म्हणते, हात लावला की गार लागतो. शब्बीरभाई मागच्या चाकापाशी बसून एकेक नट चाचपतात, मग झाकणातून हात आत घालून डावीकडच्या त्या छोट्या बैठकीवर थोडा वेळ ठेवतात. पिनेला तेल मी लावते, गंज चढू नये म्हणून. माझ्या यादीत आता एकच काम आहे, डावी साखळी जोडणे. कामासमोर ते करणाऱ्याचं नाव लिहायची माझी पद्धत आहे. तिथे दादाचं नाव आहे... ते मी बदललेलं नाही.