मेंढीएवढा उंट

भुताखेतांच्या गोष्टी चवीनं वाचणाऱ्यांची मला कीव येत नाही, किळस येते... हे आधीच सांगते. मी हुबळीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. तरी हे लिहितेय, कारण आमचे थोरले दीर — वकील अण्णा — गावभर भलतंच सांगत फिरतात.

नव्वदच्या दशकाचा शेवट. उणकलच्या तळ्याजवळ आमचं नवं घर. प्रदर्शनासाठी मी उंटाच्या आदिम पूर्वजाचं मॉडेल केलं होतं. काही कोटी वर्षांपूर्वी नामशेष झालेला प्राणी — मेंढीएवढा, पाठीवर कुबड नाही. पायांत लोखंडी सळ्या, वर गोणपाट आणि प्लास्टर. अंगणात चारही पायांवर उभं, वाळत ठेवलेलं.

तळ्यावर देवाराम नावाचा राजस्थानी माणूस पोरांना उंटिणीवर बसवून फिरवायचा. तिचं पिल्लू नुकतंच मेलं होतं. चाऱ्याला तोंड लावत नव्हती.

त्या दुपारी ती दोर तोडून आमच्या फाटकातून आत आली, मॉडेल हुंगलं आणि घशातल्या घशात घुमत राहिली. मागून देवाराम धापा टाकत आला.

"अक्का, थोडा वेळ राहू दे," तो मोडक्या कानडीत म्हणाला. "पिल्लू समजतेय. खाईल तरी. नाहीतर जाईल ही."

यात नवल नाही. जनावरं फसतात... माणसांइतकी नाही, पण फसतात. तो चारा आणायला गेला, मी पाणी आणायला आत. ओट्यावर अण्णा पेपर तोंडावर घेऊन घोरत होते.

बाहेर आले तर मॉडेल बसलेलं. चारही पाय पोटाखाली दुमडून. प्लास्टरला तडा नाही. तोंडाला दूध, अजून कोमट. मी गुडघा दाबून पाहिला — दगडासारखा कडक. आणि उंटीण निवांतपणे आमच्या शेवग्याचा पाला ओरबाडत होती.

अण्णा जागे झाले ते थेट हळदकुंकू शोधायला धावले.

"सुमन, नमस्कार कर. देवी आहे."

"कोर्टात पुरावा मागता ना तुम्ही?"

"कोर्ट निराळं," ते म्हणाले.

कॉलेजातले सहकारी म्हणाले, उन्हानं वाकलं असेल. लोखंडी सळ्या... उन्हानं! या शास्त्रज्ञांपेक्षा अण्णा बरे.

मॉडेल मी देवारामला देऊन टाकलं. त्यानं ते खांद्यावर घेतलं. उंटीण मोकळीच मागून चालत गेली.

काही दिवसांनी तो गावाकडे निघून गेला, तो पुढच्या हिवाळ्यात परत आला. उंटीण धडधाकट होती. मॉडेलचं विचारलं, तर म्हणाला, "वाटेत एका मुक्कामी सकाळी नव्हतं, अक्का. कुणी नेलं असेल म्हणून मी रानभर हिंडलो." मग उंटिणीकडे बघत म्हणाला, "ही मात्र जागची हलली नाही. मोठं झालेलं पिल्लू आपल्या वाटेनं गेल्यावर नाही शोधत उंटिणी."

मला आजही काही कळलेलं नाही. आणि कळलं म्हणणाऱ्याला मी चहासुद्धा विचारणार नाही.