वीस पूर्ण होण्याआधीचा अर्ज

धारूरच्या एका कॉलेजात मी बी.कॉम.च्या मुलांना व्यापारी कायदा शिकवते. त्या वर्षी जुलैत कराराचा धडा चालू होता. अठरा वर्षांखालच्या व्यक्तीने केलेला करार मुळातच रद्दबातल असतो, तिने सही केली असली तरी कोर्ट तो ग्राह्य धरत नाही, असं मी सांगितलं आणि फळ्यावर कोर्टांची उतरंड काढली. तालुक्याचं, जिल्ह्याचं, उच्च न्यायालय, सर्वोच्च. मुलांनी निमूट उतरवून घेतलं.

तास सुटल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी थांबली. दुसऱ्या वर्षाला होती. दसरा झाला की वर्गातून गायब व्हायची आणि परीक्षेला थेट उसाच्या फडातून, हातांवर पाचटाचे ओरखडे घेऊन यायची. तिने विचारलं, "मॅडम, माजं लगीन सोळाव्या वर्षी लावलं. मग ते बी रद्दच हाय का?"

मला उत्तर माहीत नव्हतं. उद्या सांगते म्हणाले आणि संध्याकाळी ओळखीच्या वकीलबाईंना फोन केला. त्यांनी सांगितलं की असं लग्न आपोआप रद्द होत नाही. मुलीला ते रद्द करून मागता येतं, पण जिल्हा कोर्टात अर्ज करून, आणि तोही तिला वीस पूर्ण होण्याच्या आत.

तिला वीस पूर्ण व्हायला चार महिने होते.

नवरा मारतो का, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, "न्हाई. त्याचं वाईट सांगायचं न्हाई मला. मला निस्तं नांदायचं न्हाई." एवढ्या कारणावर कुणी कोर्टात जातं का, असं माझ्या मनात आलं. पण कायद्याला तेवढंही कारण लागत नव्हतं. लग्नाच्या वेळचं वय पुरेसं होतं.

ऑगस्टअखेर आम्ही दोघी एसटीने बीडला गेलो. वकीलबाईंनी तिचा शाळेचा दाखला पाहिला, अर्ज तयार केला. तिने प्रत्येक पानावर सावकाश सही केली. परतताना ती नेहमीपेक्षा जास्त बोलली. पुढं बँकेची परीक्षा द्यायची म्हणाली. मीही तिला हुरूप दिला. त्या दिवसाची मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

नवऱ्याला नोटीस गेली आणि आठवड्याभरात तिचे वडील कॉलेजात आले. थकलेला, हळू बोलणारा माणूस. दरवर्षी सहा महिने ते दोघं नवरा-बायको ऊस तोडायला बाहेर असतात, वयात आलेली पोर घरी एकटी कुणाच्या भरवशावर ठेवायची, म्हणून लवकर उजवली, असं त्यांनी सांगितलं. जावई वाईट नाही हेही सांगितलं. मग म्हणाले, "मॅडम, कोयता म्हंजे नवरा-बायकोची जोडी असती. एकट्या गड्याला मुकादम तोडीच्या टोळीत घेत न्हाई. तिनं न्हाई म्हटलं तर त्या पोरानं काय करावं?"

मी कायदा सांगायला लागले. त्यांनी तो पूर्ण ऐकून घेतला, नमस्कार केला आणि गेले.

पहिल्या तारखेला नवऱ्याला नोटीस मिळाल्याचा कागद कोर्टात परत आला नव्हता, म्हणून काम पुढे ढकललं. दुसरी तारीख दसऱ्यानंतरची होती. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ट्रक आला आणि तिच्या सासरचे सगळे ऊसतोडीला साखर कारखान्यावर गेले, तिलाही घेऊन. तिचा फोन बंद लागायला लागला. कोणता कारखाना, हे तिच्या आईने मला फोनवर सांगितलं नाही.

वकीलबाईंनी दोनदा मुदत मागून घेतली. तिसऱ्या वेळी अर्जदार हजर नाही म्हणून अर्ज निकाली निघाला. यात कोर्टाचं काही चुकलं असं मला म्हणता येत नाही. अर्ज तिचा होता आणि ती आली नव्हती. तोपर्यंत तिला वीस पूर्ण झाली होती. नवा अर्ज करायची वाट बंद झाली. त्या वर्षी ती परीक्षेलाही आली नाही.

जूनमध्ये ती मला बसस्टँडवर भेटली. तिला पाचवा महिना होता. मी घाईघाईने सांगितलं की उशिराची माफी मागून जुना अर्ज पुन्हा सुरू करता येतो, फक्त तिने येऊन कारण सांगायला हवं.

तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाली, "आता कुणासाटी, मॅडम?"

माझं तोंड उतरलेलं तिला दिसलं असावं. तुम्ही का वाईट वाटून घेता, असं तिनेच मला विचारलं. तिची सिरसाळ्याकडची गाडी लागली. गर्दी होती. तिने पिशवी पोटाशी धरली आणि माणसांमधून वाट काढत ती आत गेली. मी खिडक्यांमधून शोधलं, पण ती कुठे दिसली नाही.