स्टोव्हपाशी हुकलेला तिसरा अंक

त्या नाटकाची कॅसेट निघाली तेव्हा खोक्यावर छापलं होतं, ‘गोड आठवणींचा ठेवा’. कोणाच्या गोड आठवणी? ज्यांना बसून बघायला मिळालं त्यांच्या असतील. मला त्या नाटकाचं नाव काढलं तरी रॉकेलचा वास येतो.

ऐंशीनंतरची सुरुवातीची वर्षं. आम्ही अंबरनाथला कारखान्याच्या कामगार वसाहतीत राहायचो. आमच्या रांगेत टीव्ही एकच, काळा-पांढरा, टोकाच्या घरातल्या वहिनींकडे. लोक आता कौतुकाने सांगतात, एका टीव्हीपुढे अख्खी रांग बसायची, काय ती माया! माया कसली? पुरुष खाटेवर, मुलं पुढे, बायका दारापाशी अंग चोरून. आणि मधल्या बातम्या लागल्या की एका बाईने उठून सगळ्यांचा चहा करायचा, दूध-साखर आपल्या घरची आणून. पाळी लावलेली होती. पुरुषांना पाळी नव्हती.

ते संगीत नाटक टीव्हीवर लागलं त्या संध्याकाळी पाळी माझी होती.

माझा नवरा मारायचा. हे आधीच सांगायला हवं होतं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. त्या महिन्यात मी मुलीला कडेवर घेऊन बदलापूर गावात माहेरी जाऊन बसले होते. वडील शेतावरून आले, माझी पाठ बघितली आणि म्हणाले, “राहायचं तर राहा. भात आहे घरात.” एवढंच बोलले. मग सासू न्यायला आली, दारात बसून रडली, गाव गोळा झालं. मी परत आले. पण पिशवी रिकामी केली नव्हती. खाटेखाली तशीच भरलेली होती.

नाटकातली बाईही तसलीच. नवऱ्याने संशयावरून हाकललेली, नदीकाठी झोपडी बांधून राहणारी. दुसऱ्या अंकाच्या शेवटी नवरा तिला न्यायला येतो, दारात उभा राहतो, आणि लागल्या बातम्या. मी चौथीपर्यंत शिकलेली. गाण्यातलं मला काही कळत नाही. पण आता ही बाई जाते की राहते, ते मला माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं.

वहिनींचा स्टोव्ह पेटेना. पिन मारली, पंप मारला. पेटला तर दूध कमी पडलं, घरी धावत गेले. परत आले तर तिसरा अंक सुरू झालेला. स्टोव्हच्या आवाजात तबला तेवढा ऐकू यायचा. बाईचं गाणं आल्यासारखं वाटायचं आणि बुडायचं. मग कडी लावल्याचा खाडकन आवाज झाला. मला वाटलं, कोणीतरी पुढचं दार लावलं. मी ट्रे घेऊन बाहेर आले तर पडद्यावर नावं चाललेली.

“काय झालं हो? गेली का ती?”

वहिनी कप उचलत म्हणाल्या, “गेली की! न जाऊन सांगते कोणाला? त्याने हात जोडले, ती पाया पडली. सगळं गोड झालं.”

सासू म्हणाली, “शहाणी होती म्हणायची.”

नवऱ्याला विचारायची सोय नव्हती, तो भिंतीला टेकून घोरत होता.

घरी येऊन मी पिशवी रिकामी केली. नाटकामुळे राहिले असं मी म्हणणार नाही, नाटक बघून कोणी संसार करत नाही. पण तराजूचा काटा मधोमध असला की चिमूटभर वजन पुरतं. ते वहिनींनी टाकलं. नवरा त्यानंतर बरीच वर्षं जगला आणि जगला तोवर हात उचलत राहिला.

नव्वदची वर्षं संपत आली तेव्हा मी विधवा होते, अंबरनाथमध्येच एका खोलीत. वहिनी दोन घरं सोडून. मुलगी उल्हासनगरला दिलेली, ती वर्षाच्या आत परत आली. या वेळी पाठ बघायची पाळी माझी होती. जावयाने निरोप पाठवला, रविवारी न्यायला येतो.

शनिवारी उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या व्हिडिओच्या दुकानात मुलीला ती कॅसेट दिसली. “आई, तुझं ते स्टोव्हवालं नाटक आलंय बघ.” आम्ही दोघी व्हीसीआर भाड्याने आणायला गेलो. दुकानदार म्हणाला, “माई, ये कौन देखता है? नयी पिक्चर ले जाओ, मारधाडवाली.”

“मारधाड घरी बघितली,” मी म्हटलं. “हेच दे.”

नाटक लावलं आणि वहिनी आल्या. टीव्हीसाठी नव्हे, मुलीला समजवायला. “पोरी, तुझ्या आईकडे बघ. गेली ना परत? झाला ना संसार?” मुलगी पडद्याकडे बघत राहिली. त्या बाईचं लुगडं मी इतकी वर्षं पांढरं समजत होते. ते हिरवंगार होतं.

कॅसेटमध्ये बातम्या कापलेल्या. नवरा दारात आला आणि लगेच तिसरा अंक.

“चहा टाक गं जरा,” वहिनी मुलीला म्हणाल्या. ती सवयीने उठली.

“बस खाली,” मी ओरडले.

“अगं, आल्या-गेल्याला चहा—”

“वहिनी, तुम्हीही गप्प बसा.”

तर ती बाई काय करते? नवऱ्याला तांब्याभर पाणी देते. तब्येत विचारते. एक गाणं म्हणते, मोठं, न घाबरता. मग म्हणते, आता निघा. आणि आतून कडी लावते. खाडकन. तोच आवाज.

मी वहिनींकडे वळले. “पाया पडली होती ना?”

वहिनी पदराशी चाळा करत म्हणाल्या, “तुझ्या सासूने मला डोळ्याने खुणावलं होतं. तुझं घर मोडलं असतं तर पाप माझ्या डोक्यावर आलं असतं.”

“आणि मी मार खाल्ला, ते कोणाच्या डोक्यावर?”

“तू अजून ते धरून बसलीस?”

“धरून? मला आज कळलं, वहिनी!”

त्या उठल्या. चप्पल घालताना म्हणाल्या, “शेवटी नाटकच ते.” मला काहीतरी फेकून मारावंसं वाटलं. मुलीने शेवट मागे घेऊन पुन्हा लावला. नंतर पुन्हा. मी तिला काही समजावलं नाही. फक्त म्हटलं, “राहायचं तर राहा. भात आहे घरात.”

रविवारी जावई आला, मोठ्या भावाला घेऊन. मुलीने दोघांना पाणी दिलं. मोठा भाऊ हसत म्हणाला, “चहा नाही का आज?”

“नाही,” ती म्हणाली. “निघा आता.”

कडी तिनेच लावली.