चार डिस्कची वाटणी

आमच्या शहाद्याच्या स्टुडिओत लग्नाचे व्हिडिओ मीच कापायची, मीच जोडायची. पाटीवर नाव दोन्ही भावांचं, मान माझी मोडायची. एडिटिंगचा कॉम्प्युटर, म्हणजे आमचं मशीन, लिनक्सवर चालायचं. लगीनसराई आली की त्यातल्या दोन हार्ड डिस्क तुडुंब भरायच्या. नवी मोठी मागितली तर दादा म्हणाला, "आहे त्यात भागव." भागवलं. जुन्या पडलेल्या दोन आणखी जोडल्या आणि चौघींची मिळून एकच जागा केली. बाहेरून फोल्डर एक दिसायचं, आत प्रत्येक व्हिडिओचे तुकडे चौघींवर पांगलेले. एक जरी काढली तरी सगळं गेलं. हे मी दोघांनाही सांगितलं होतं, दोघांनीही हो हो केलं होतं.

त्यात कळसाडीच्या एका हळदीचा व्हिडिओ होता. दादाची पोर नाचत होती, गालाला हळद, कॅमेऱ्याकडे बघून जीभ काढत होती. त्याच पावसाळ्यात ती तापाने गेली. दादाने तिचे फोटो भिंतीवरून उतरवले, वहिनीच्या मोबाइलमधलेही पुसले. म्हणे, रडगाणं नको घरात. असला बाप! तो जेवून आडवा झाला की वहिनी स्टुडिओत यायची. मी व्हिडिओ लावायची, ती बघायची आणि भांडी घासायला परत जायची. मोबाइलवर टाकून देते म्हटलं तर दादाच्या नजरेला पडेल म्हणून घाबरायची. "त्यास्नी दखी लिधं तं?"

मग भावांचं फाटलं. दादाने धाकट्याला भर बाजारात चोर म्हटलं, आणि वाटणीला मामा, चुलते येऊन बसले. दिवे वाटले, कॅमेरे वाटले. धाकट्याने मशीनकडे बोट केलं. "डिस्क चार शेतस. दोन मन्ह्या, दोन तुन्ह्या."

"अरे येड्यांनो, ती एकच आहे, तोडू नका! एक दिवस द्या, सगळं बाहेर काढून देते."

"एक दिवसमा तू समदं दादाना घशामा घालशी," धाकटा म्हणाला.

मामाने मला गप बसवलं. माहेरी राहिलेल्या बहिणीला वाटणीत तोंड नसतं. मी धाकट्याला बाजूला ओढून पोरीचं सांगितलं. एवढा एकच व्हिडिओ काढू दे म्हणून हात जोडले. मेला हसला. "दादानी पोर ना? मंग तं बिलकुल नही." राग दादावरचा, भोगायचं वहिनीने. वड्याचं तेल वांग्यावर! त्याने स्वतःच्या हाताने दोन डिस्क उपसल्या आणि टॉवेलात गुंडाळल्या.

दादाच्या वाट्याच्या दोन चालेनात तेव्हा शिव्या मला बसल्या. चारही पुन्हा जोडता येतील म्हणून मी एसटीने नवापूरला गेले. धाकट्याने तिथे स्टुडिओ थाटला होता. "ताई, चहा ले," म्हणाला, आणि नवं मशीन दाखवलं. दोन्ही डिस्क कोऱ्या करून त्यात बसवल्या होत्या. "माले नही, तं त्यालेबी नही." चहा मी तसाच ठेवला. त्याला शाप दिला, अजून परत घेतलेला नाही.

दुसऱ्या दुपारी वहिनी आली आणि तिच्या स्टुलावर बसली. मी सगळं सांगितलं. उरलेल्या दोन डिस्क टेबलावर पडल्या होत्या.

"बाई, आर्धी तं शे ना आठे? आर्धीच दखाड."

अर्धी नसते गं, काय दाखवू, म्हटलं, तुकडे आहेत नुसते, दिसत नाहीत.

ती दोन्हीवरून हात फिरवत राहिली. मग हळूच म्हणाली, "तोंड कोनतीमा शे, तेवढं सांग."

मी एकीवर बोट ठेवलं. ती तिने पदराखाली घेतली.