दोनदा ठोकायचं, नाव सांगायचं

सिंगापूरमधल्या आंग मो किओच्या आमच्या फ्लॅटमध्ये एक नियम होता. बाथरूममध्ये कुणाला जास्त वेळ लागला की बाबा दारावर दोनदा ठोकायचे, आणि आतल्याने स्वतःचं नाव सांगायचं. नुसतं "आहे" म्हटलेलं चालत नसे. घरात आम्ही तिघंच. आत कोण आहे हे सगळ्यांना ठाऊक. आई "पासपोर्ट दाखवू का?" म्हणून चिडवायची, पण नाव सांगायची. कॉलेजात गेल्यावर मला या प्रकाराची लाज वाटू लागली. बाबा तुआसला जहाजदुरुस्तीच्या यार्डात फिटर होते. तिथलीच काहीतरी सवय असेल, एवढंच मी धरून चालले होते.

२०१५ साली विद्यापीठाने मला एका सत्रासाठी अमेरिकेला पाठवलं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे फॉर्मवर सही करण्याआधी बाबांनी प्रत्येक ओळीवर बोट ठेवून वाचलं. वाळवंटातल्या अरुंद घळींमधून दिवसभर चालणं, चढणं, या ओळीवर ते थांबले. "शेवटी कोण आहे ते बघत जा," म्हणाले. "आणि ठोकलंस तर नाव विचार." मी हो म्हटलं. नीट ऐकलं मात्र नव्हतं.

त्या घळीत आम्ही सहाजण सकाळी शिरलो. बाहेर ऊन इतकं की डोळे उघडवत नव्हते. दहा पावलं आत गेल्यावर थंडी वाजू लागली. दोन्ही बाजूंना पाण्याने गुळगुळीत झालेला तांबडा दगड, मध्ये खांद्यांपुरती वाट आणि वर आकाशाची चीर. काही ठिकाणी बॅग काढून पुढे ढकलायची, पाठ एका भिंतीला आणि पाय दुसऱ्या भिंतीला रोवून सरकत वर चढायचं. एका जागी डोक्याच्या खूप वर एक ओंडका आडवा अडकला होता. पुरात आलाय, सगळ्यांत पुढे चालणाऱ्या गाईड बाई म्हणाल्या. म्हणजे पाणी तिथवर होतं. त्यानंतर मी पुन्हा वर पाहिलं नाही.

माझ्यामागे एकच जण होती. सेरंगूनला राहणारी, माझ्याच वर्गातली चिनी मैत्रीण. मागचं माणूस दिसत नसे, हाक दोन वळणांत विरून जाई. दगडावर ठोकलेलं मात्र लांब पोचे. म्हणून ठरलं होतं, दोनदा ठोकून विचारायचं, तीनदा ठोकून उत्तर द्यायचं. दुपारी गुडघाभर थंड, गढूळ पाण्यातून बाहेर पडून पुढच्या वळणावर गेल्यावर मी कमरेच्या लोखंडी कडीने भिंतीवर दोनदा ठोकलं. तीनदा उत्तर आलं. कुठल्या बाजूने आलं ते कळलं नाही. त्या भिंतींमध्ये कळतच नाही. बाबांचं बोलणं मला आठवलं होतं, हे खरं सांगायला हवं. पण मागे जाऊन, ओळखीच्या मुलीला तिचं नाव विचारायचं? मी पुढे गेले.

बाहेर मोकळ्या वाळूत आम्ही तिची वाट पाहत बसलो. ती येईना, तेव्हा मी म्हटलं, मघाशी तर तिने उत्तर दिलं होतं. गाईड बाई म्हणाल्या, ते उत्तर पुढून मी दिलं, मला वाटलं मलाच विचारतेयस.

ती त्या पाण्यातच सापडली. पाय दोन दगडांत अडकलेला, दोन्ही हात भिंतीला टेकून तोल सावरलेला, ओठ निळे. ओरडून ओरडून घसा बसला होता. तिला सोडवून उन्हात आणल्यावर ती आमच्या सिंगापुरी ढंगात म्हणाली, "ओके ला, मेले नाही." मग हळूच म्हणाली, "तू ठोकलंस ते ऐकलं मी. वाटलं, येतेयस."

सिंगापूरला परतल्यावर पहिल्याच रविवारी मी बाबांना सगळं सांगितलं. तिचं शेवटचं वाक्य तेवढं सोडून. ते कामाच्या निळ्या कपड्यांना इस्त्री करत होते. त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली आणि मी लहान असतानाची गोष्ट सांगितली. तेव्हा ते टाकीच्या तोंडाशी राखणीला असत. जहाजाच्या पोटातल्या टाकीत माणूस उतरला की बाहेरून लोखंडावर पान्याने ठोकत राहायचं, आतून उत्तर येतंय ना ते ऐकायचं. त्या दिवशी त्यांनी ठोकलं, उत्तर आलं. पुन्हा ठोकलं, पुन्हा आलं. उत्तर शेजारच्या टाकीतला माणूस देत होता. त्यांचा माणूस आतल्या खराब हवेने केव्हाच खाली पडला होता.

"लगेच गेला नव्हता, असं डॉक्टर म्हणाले," बाबा म्हणाले. "थोडा वेळ जिवंत होता."

मग इस्त्रीची वायर गुंडाळत, खाली बघत त्यांनी विचारलं, "तुझ्या मैत्रिणीला ऐकू आलं होतं का गं, तू ठोकलेलं?"

मला त्यांच्याशी खोटं बोलायची सवय नव्हती.

"नाही बाबा," मी म्हटलं. "आत काही ऐकू येत नाही."

त्यांना ते पटलं का, मला अजून सांगता येत नाही. ते आंघोळीला गेले. पाण्याचा आवाज थांबला तरी बाहेर आले नाहीत. मी दारावर दोनदा ठोकलं आणि हात तसाच दारावर ठेवून उभी राहिले. बराच वेळ गेला. मग आतून त्यांनी आपलं नाव सांगितलं.