आश्रमशाळेतली रिकामी जागा

देवावर माझी श्रद्धा आहे असं मी एरवी सहज म्हणत असे. काम गेल्यावर मात्र ते शब्द तोंडातून निघेनात.

वाशिंदजवळच्या एका कारखान्यात मी पॅकिंगला होते. झाडावरून पडल्यापासून यजमानांची कंबर गेली होती, घर माझ्यावरच चालायचं. दिवाळीनंतर मालकाने कारखाना बंद केला. जाताना आम्हा बायकांच्या कागदावर सह्या घेतल्या. काम गेलेल्या कामगाराला काही महिने भत्ता मिळतो असं एका मैत्रिणीने सांगितलं, म्हणून मी कामगार विम्याच्या कार्यालयात खेपा घालू लागले. शेवटी खिडकीतल्या बाई मायेने म्हणाल्या, "ताई, तुम्ही राजीनामा दिलाय. भत्ता कामावरून काढून टाकलेल्यांना असतो." आम्ही कशावर सही केली होती ते तेव्हा कळलं. त्या बाई रागावून बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मुरबाडपर्यंत कारखान्यांच्या फाटकाफाटकावर काम विचारलं. चाळिशी उलटलेली बाई कुणाला नको होती. यजमान एक भाकरी खाऊन पोट भरलं म्हणायचे, आणि मीही ते खरं मानल्यासारखं करायचे. देवापुढे दिवा लावणं मी बंद केलं होतं. तरी एका सोमवारी, का ते सांगता येणार नाही, पावलं म्हसा गावच्या देवळाकडे वळली. तिथली जत्रा केव्हाच उठून गेली होती. देवळात सामसूम होती. मी काही मागितलं नाही. भिंतीला टेकून बसले आणि रडू आवरेना.

पलीकडे एक म्हातारी बसली होती, ती सरकत जवळ आली. "रड गो बाय. इथं कोन बगतं?"

त्या अनोळखी बाईला मी सगळं सांगितलं. तिने एकदा देवाकडे पाहिलं. मग म्हणाली, "मोठ्या टोपातला सैपाक जमंल?"

"जमेल."

"शहापूरकडं आश्रमशाळा हाय. त्यांना सैपाकाला बाई नाय. उद्याच जा. सांग, म्हशाच्या आजीनं धाडलंय." गावाचं नाव तिने दोनदा सांगितलं आणि काठी टेकत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मी गेले. आजीचं नाव काढताच मुख्याध्यापक म्हणाले, "आजपासूनच लागा." दुपारी भांडी घासताना सोबतच्या बाईला विचारलं, आजीची इथं ओळख कशी?

"तिची सूनच होती ना इथं सैपाकाला," ती म्हणाली. "पेंढा काढताना साप डसला. दवाखान्यात नेईस्तोवर गेली. आता गेल्या आठवड्यात तेरावं झालं."

हातातलं पातेलं मी खाली ठेवलं. ज्या चुलीवर मी त्या दिवशी रांधलं होतं, ती तिची होती.

पहिल्या सुट्टीला आजीचं घर शोधत गेले. तिच्या पायांवर डोकं ठेवलं. तिने उठवलं. "देवाला इचारायला गेलते, माजी सून का नेलीस म्हनून. तेवढ्यात तू दिसलीस. मंग इचारायचं राह्यलं." थोड्या वेळाने म्हणाली, "शाळंतली पोरं पोटभर जेवतात ना?"

"जेवतात, आजी."

"मंग झालं."

भत्ता मिळाला नाही. नोकरीही कायमची नाही, शाळेचं वर्ष संपताना पुन्हा काळजी उभी राहील. देवाने मला काम दिलं असं मोकळेपणाने म्हणायला आजही जीभ अडखळते, कारण ते दुसरीच्या घरातून उठून माझ्याकडे आलं. पण स्वतःचं दुःख उरात घेऊन ती आजी माझ्याजवळ सरकली, ते बळ तिला कुणी दिलं, याचं देवाशिवाय दुसरं उत्तर माझ्याकडे नाही. आता मी देवाशी हिशेब करत नाही. सकाळी चूल पेटवते, त्या सुनेचं नाव मनात घेते, हात जोडते आणि तांदूळ धुवायला घेते.