छपरावरचा लिंब

“साहेब, ही लोकं तुमचं अवॉर्ड पाळायलेत हो!” फोनवर बप्पा अगदी कळवळून सांगत होते.

बप्पा म्हणजे गेवराईकडच्या रस्त्याचे कॉन्ट्रॅक्टर. मी कामगार खात्यातून रिटायर झालेला. बप्पा आणि मजुरांच्या युनियनने मिळून मला लवाद नेमलं होतं. लवाद म्हणजे दोन्ही बाजूंनी कबूल केलेला पंच, आणि त्याचा लेखी निकाल म्हणजे अवॉर्ड. ते पाळतात म्हणून आलेली तक्रार मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

भांडण सावलीचं होतं. शेवंताबाई नावाची मजूर भर उन्हात चक्कर येऊन खडीच्या ढिगावर पडली होती. मी साइट पाहिली. समोर छान लिंबाचं झाड होतं. लगेच लिहून टाकलं, “लिंबाखाली पत्र्याचं शेड उभारावं, दुपारी सर्वांनी तिथेच तासभर विश्रांती घ्यावी.” अक्षरही सुरेख आलं होतं. खुशीत सही ठोकली.

शेड झालं. पण रस्ता काही लिंबाखाली बसून राहत नाही. काम दोन-तीन किलोमीटर पुढे सरकलं. मी पोहोचलो तेव्हा सगळी गँग डबे घेऊन रणरणत्या उन्हात मागे निघाली होती. शेडमध्ये जायचं, चार घास खायचे, की लगेच परत. विश्रांती नाहीच, वर बप्पांचं काम तेवढा वेळ बंद.

“सत्तारभाई, एवढ्या लांब कशाला?” मी विचारलं. सत्तारभाई हे गवंडी आणि युनियनचे पुढारी.

“अवॉर्ड हाय ना साहेब. आमी मोडलं की बप्पा कोर्टात जातेत, मंग शेड बी गेलं.”

“बप्पा, शेड पुढे आणा की,” मी शेजारी उभ्या बप्पांना म्हणालो.

“न्हाई बा! लिंबाखालून हलवलं की हेच बोंबलणार, बप्पानं अवॉर्ड मोडलं. आधी त्यांनी लिहून द्यावं.”

“आधी तुमी द्या!” सत्तारभाई म्हणाले.

सही झाल्यावर लवादाला स्वतःचं अवॉर्ड बदलता येत नाही. दोघांनी सह्या करून समझोता करावा लागतो, आणि पहिली सही करायला कुणीच तयार नव्हतं. कोर्टात गेलं असतं तर उन्हाळा तसाच सरला असता. शेवंताबाईचा लालबुंद चेहरा पाहून मला माझ्या सुरेख अक्षराची लाज वाटली.

तीच वैतागून बोलली, “मंग लिंबच संगं न्या की!”

सगळे हसले. बप्पा मात्र हसले नाहीत. तिसऱ्या दिवशी उसाची रिकामी ट्रॉली आली. तिच्यावर ते शेड. आणि शेडच्या छपरावर, तारेने बांधलेल्या रंगाच्या डब्यात, वीतभर लिंबाचं रोप.

सत्तारभाईंनी वाकून पाहिलं, वर पाहिलं. “बरुबर. शेड लिंबाखालीच हाय.”

काम सरकलं की ट्रॉली सरकू लागली. पुन्हा गेलो तेव्हा शेवंताबाई शिडीवर चढून रोपाला पाणी घालत होती. त्या रोपाची सावली एका चिमणीलाही पुरली नसती.

“एवढं कशाला जपता?” मी विचारलं.

“वाळलं तर सावली जाईल ना, साहेब.”

तेव्हापासून मी अवॉर्डात झाड लिहीत नाही. ‘काम चालू असेल तिथे’ एवढंच लिहितो, आणि सही करण्याआधी शेवंताबाईसारख्या कुणाला तरी वाचून दाखवतो.